विचारल्यावर बोलणारी यंत्रं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार माझ्या चुलत्यांचे आहेत. वडिलांचे हे धाकटे भाऊ. मी त्यांना तात्या म्हणत असे, आणि माझं ऐकून हळूहळू सगळं गावच त्यांना तात्या म्हणायला लागलं. ते मेंढरं राखत. आई मला आठवत नाही. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होतो. आमच्या घरात त्या वयाच्या पोरानं शाळा सोडून कळपामागं चालायचं, हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर बोलणंही होत नसे. भावकीतली माणसं म्हणाली, पोरगं हाताशी आलंय, तुझं ओझं हलकं होईल. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला हसनाबादला नेऊन शाळेत आणि तिथल्या वसतिगृहात घातलं. कुणी कारण विचारलं तर ते एवढंच सांगत, की मेंढरांमागं चालायला मी हाय की.

पुढची सगळी वर्षं ते चालत राहिले आणि मी शिकत राहिलो. त्यांनी लग्न केलं नाही. पाऊस सरला की एक जोडीदार बरोबर घेऊन ते कळपासह निघत. रिकाम्या झालेल्या शेतांत मेंढरं बसवत. शेताला खत होई, शेतकरी ज्वारी देई, मग पुढचं शेत. मी सुटीत त्यांचा तळ शोधत जाई. औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा ते एकदाच कॉलेजात आले होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी त्यांना प्रयोगशाळेत नेऊन ऑसिलोस्कोप नावाच्या यंत्राच्या पडद्यावरची हिरवी, थरथरणारी रेघ दाखवली. ते बराच वेळ बघत उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "रोज हीच बघावी लागती का रं?" मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात शाबासकीचा होता की कीव आल्याचा, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमच्या भावकीत पदवी घेणारा मी पहिला. नोकरी लागली ती जालन्यात, औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाण्यांच्या कारखान्यात. आजूबाजूला लोखंडाच्या रोलिंग मिल होत्या. त्यांची धग आणि काळी धूळ आमच्या भिंतीपर्यंत यायची. आमच्या आवारात मात्र सगळं थंड आणि स्वच्छ. कारखान्याच्या पोटात एक लांब बोळ होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना आठ थंड खोल्या. त्यांत बियाणं ठेवलेलं असे. सगळ्यांत जपायचं बियाणं दोन नंबरच्या खोलीत. पुढच्या वर्षी जे संकरित कापसाचं बियाणं बाजारात जायचं, त्याचे नर-मादी वाण तिथं पोत्यांत झोपलेले असत. खोली गरम झाली तर बियाणं वरून जसंच्या तसं दिसतं, पण पेरल्यावर उगवत नाही.

मी जालना शहरात एका घराच्या माडीवर राहत होतो. एकच खोली, वर जायला उभा लोखंडी जिना. घरमालकांनी आधीच सांगितलं होतं, एकटाच राहणार असशील तर ये. सहा वाजता कारखाना सुटला की बरोबरचे लोक आपापल्या घरी जात. मी खानावळीत जेवून खोलीवर येई, रेडिओ लावी आणि तो कळत नकळत बंदही करी. शाळेतले सोबती गावाकडं होते. त्यांच्याशी मी काय काम करतो यावर बोलायला गेलो की दोन वाक्यांत बोलणं संपायचं. ऑफिसातले लोक चांगले होते, पण जेवणाच्या सुटीत ते ज्या गोष्टींवर हसत त्या मला ठाऊक नसत. मी कुणाला दोष देत नाही. मला दोन्हीकडं नीट बोलता येत नव्हतं, एवढंच.

माझ्याशी रोज बोलणारा माणूस एकच होता. त्यांना सगळे मामा म्हणत. अंबडकडचे, पन्नाशी ओलांडलेले, वायरमनचं काम करता करता खोल्यांच्या राउंडवर आलेले. दर दोन तासांनी ते आठही दारांपुढं जात, दारावरच्या यंत्रात तापमान बघत आणि माझ्या खोलीतल्या फळ्यावर खडूनं आकडे लिहीत. आकडे लिहायला मिनिट लागे, पण मामा पाव तास थांबत. मिलमध्ये कुणाचं भांडण झालं, एसटी कुठं बंद पडली, त्यांच्या सुनेनं आज भाजीत मीठ टाकलंच नाही, हे सगळं आकड्यांबरोबर येई. मी ऐकत असे. बहुतेक वेळा मी नुसता हसत असे, पण मामांना तेवढं पुरे होई.

मग दोन गोष्टी एकाच उन्हाळ्यात झाल्या. मी मे महिन्यात तात्यांच्या तळावर गेलो तेव्हा ते म्हणाले, दिवस कलला की काळी मेंढरं दिसत नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. मी परत येताना बसमध्येच ठरवलं की आता तात्यांना जालन्याला आणायचं, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आणि नंतर कायमचं माझ्याजवळ ठेवायचं. खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांइतकीच मला माझ्या संध्याकाळींचीही काळजी होती. पण माडीवरच्या खोलीत ते शक्य नव्हतं. कारखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली एक दोन खोल्यांचं क्वार्टर रिकामं पडलं होतं. माझा डोळा त्याच्यावर होता.

दुसरी गोष्ट अशी, की कारखान्याचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणत असू, त्यांना सगळ्या खोल्यांचं तापमान आपल्या टेबलावरच्या संगणकावर हवं होतं. ऑफिसात नुकतंच नेटवर्क बसवलं होतं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, जमेल का? मी म्हणालो, जमेल. दारांवरच्या यंत्रांना मागून बोलण्यासाठी एक जागा असते, सिरियल पोर्ट. इतकी वर्षं ती कुणी वापरलीच नव्हती. मधे एक गेटवे लागेल, पुण्याहून मागवू. साहेब म्हणाले, दसऱ्याआधी करा. मी धीर करून क्वार्टरचं विचारलं. त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि म्हणाले, हे नीट चाललं तर क्वार्टर तुमचं. कुणीतरी आवारात राहून लक्ष ठेवायला हवंच.

गेटवे आला तो टिफिनच्या डब्याएवढा. मामांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. ते मलाही साहेबच म्हणत.

"साहेब, ह्ये डबडं नेमकं काय करून राह्यलं?"

मी त्यांना सांगितलं, तसंच इथं लिहितो. दारावरची यंत्रं जुन्या पद्धतीनं बोलतात. पहिल्या दारापासून आठव्या दारापर्यंत दोन बारीक तारा ओढायच्या आणि सगळी यंत्रं एका ओळीत त्यांना जोडायची. त्या तारांवर एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघं एकदम बोलले तर कुणाचंच कळत नाही. म्हणून प्रत्येक यंत्राला एक नंबर द्यायचा, आणि नियम असा की विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. "तीन नंबर, तुझं तापमान किती?" असा प्रश्न तारेवर जातो. ऐकतात सगळे, उत्तर एकटा तीन नंबर देतो, बाकीचे गप्प. बोलणं कुठं संपलं हेसुद्धा शांततेवरूनच ओळखायचं. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ तार गप्प राहिली, की समोरच्याचं सांगून झालं.

ऑफिसातल्या नेटवर्कचं वेगळं. तिथं संगणक एकमेकांना पाकिटं पाठवतात. प्रत्येक पाकिटावर कुठून आलं, कुठं जायचं हे लिहिलेलं. अनेक जण एकाच वेळी विचारू शकतात आणि सगळं फार जलद चालतं. त्या पाकिटाचा दारावरच्या यंत्राला काही उपयोग नाही. त्याला ते उघडताच येत नाही. गेटवे मधे बसतो. पाकीट घेतो, फोडतो, आतला प्रश्न काढतो. तारेवर आधीचं कुणाचं बोलणं चाललं असेल तर थांबतो. मग यंत्राला त्याच्या पद्धतीनं, त्याच्या वेगानं विचारतो. उत्तर आलं की ते नव्या पाकिटात घालून ज्यानं विचारलं त्याच्याकडं परत. आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलंच नाही, तर तेही कळवतो, की विचारलं होतं, पण तिकडून कुणी बोललं नाही.

"म्हंजे लग्न जमवणारा मधला माणूस," मामा म्हणाले.

"मधला माणूस पदरचं घालतो, मामा. हा एक अक्षर पदरचं घालत नाही."

"मंग ह्याच्या हातून एकबी लग्न जमायचं न्हाई, बघा."

आम्ही दोघांनी तार ओढली. मामा शिडीवर, मी खाली. पहिल्या दिवशी एकही यंत्र बोललं नाही, कारण दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. सरळ केल्यावर सगळी एकदम बोलायला लागली आणि पडद्यावर नुसता गोंधळ. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतून येताना प्रत्येक यंत्र एक हाच नंबर लावून आलेलं होतं. मी एकेका दारापुढं स्टूल टाकून बसलो आणि पुढची बटणं दाबून कुणाला दोन, कुणाला तीन असा नंबर दिला. शेवटी एका दुपारी पडद्यावर आठ चौकोन आले आणि आठांतही आकडे. साहेबांनी आपल्या टेबलावर ते पाहिलं आणि मला फोन करून एकच शब्द म्हणाले, "झकास." मी रिसीव्हर ठेवला आणि पहिला विचार आला तो तात्यांचा.

त्याच आठवड्यात मामांचं राउंड बंद झालं. त्यांना मोटारी आणि दिव्यांच्या दुरुस्तीवर परत पाठवलं. फळा कुणीतरी पुसून पॅकिंग विभागात नेला. माझ्या खोलीत आता फक्त पडदा होता. दर काही सेकंदांनी आकडे बदलत. मी दिवसभर त्यांच्यापुढं बसे, आणि माझ्याकडं दुपारी कुणी येत नसे. हे असं होईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मामा आवारात भेटले की हात वर करत. एकदा लांबूनच म्हणाले, "काय साहेब, भाजीत मीठ आता कोण सांगतंय तुम्हाला?" मी हसलो आणि माझ्या खोलीकडं वळलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तात्या आले. कळप जाफराबादच्या बाजूला जोडीदाराकडं सोडून जीपनं आले होते. जीपवाल्यानं त्यांना वसाहतीच्या नाक्यावर उतरवलं आणि ते मिलचा धूर उजवीकडं धरून विचारत विचारत फाटकापर्यंत पोचले. साहेबांनी क्वार्टरची किल्ली दिली होती आणि मी ते धुऊन काढलं होतं. दोन बाजा आणल्या होत्या, नवा माठ आणला होता. तात्यांनी भिंतींना हात लावून दोन्ही खोल्या बघितल्या, बरं हाय म्हणाले, आणि घोंगडी घेऊन बाहेर कडुलिंबाखाली बसले.

आमच्या कारखान्यात दसऱ्याच्या पूजेची जुनी रीत होती. थोडा वेळ सगळं बंद ठेवत. पक्कड, टेस्टर, पाने, वजनं, जे जे सुटं करता येईल ते पुसून एका मोठ्या फळीवर मांडत. दारांवरची तापमानाची यंत्रंही त्यात असत. पुढची कळ दाबली की ती कप्प्यातून सरकून बाहेर येत, तारा मागं भिंतीत तशाच राहत. मामा दरवर्षी ती काढत, फडक्यानं पुसत, फळीवर ओळीनं ठेवत. त्या वर्षी गेटवेही ठेवला. सगळ्यांना हळद-कुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली, साहेबांनी नारळ फोडला. तात्याही आले होते. मामांनी त्यांना पुढं बसवलं आणि सांगितलं, ह्ये डबडं तुमच्या पुतण्याचं. तात्यांनी वाकून गेटवेला हात जोडले. मी दुसरीकडं बघितलं, कारण माझे डोळे भरले होते.

पूजा झाल्यावर यंत्रं परत कप्प्यांत गेली आणि खोल्या सुरू झाल्या. सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. सगळं कसं बरोबर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर चार नंबरची खोली तापत चाललेली दिसली. आकडा हळूहळू वर जात होता. मी धावत चार नंबरला गेलो. दार उघडलं तर आत छान थंड. दारावरचं यंत्रही थंडच दाखवत होतं. परत येऊन पडदा बघितला तर आकडा आणखी वर. मी गेटवे बंद करून चालू केला. तारा तपासल्या. पुन्हा तेच. तोवर साहेबांनीही त्यांच्या टेबलावर ते बघितलं होतं. ते खाली आले, स्वतः चार नंबरमध्ये जाऊन उभे राहिले, बाहेर आले आणि चष्मा पुसत शांतपणे म्हणाले,

"खडूनं लिहिलेला आकडा कधी खोटं बोलला नव्हता. संध्याकाळपर्यंत बघा, नाहीतर हे काढून टाकू. मग मामांना पुन्हा राउंडवर घेऊ, आणि क्वार्टरचंही नंतर बघू."

ते रागावले नव्हते. त्यामुळंच मला जास्त भीती वाटली. तात्या बाहेर कडुलिंबाखाली बसले होते. त्यांना मी काय सांगणार होतो? ज्या डबड्याला काल हात जोडले ते खोटं निघालं, आता आपलं सामान उचला, असं?

दुपारी मी मामांना बोलावलं. डोकं चालत नव्हतं, पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. गेटवे स्वतःहून आकडा बनवत नाही. आकडा आला म्हणजे कुणीतरी तो दिला. मग देणारा कोण, हे शोधायचं. मी मामांना पडद्यापुढं बसवलं आणि बोळाचं दार उघडं ठेवलं. म्हणालो, मी चार नंबरच्या दारावरचं यंत्र बाहेर ओढतो. पडद्यावर चार नंबरच्या चौकोनात उत्तर नाही असं आलं की ओरडा.

मी यंत्र ओढलं. थोडा वेळ काही नाही. मग बोळातून मामांचा आवाज आला.

"चार चालूच हाय, साहेब. दोन गेलं."

यंत्र हातात होतं. त्याच्या कडेला कालच्या हळदीचा पिवळा डाग तसाच होता. मग मी दोन नंबरच्या दाराकडं पळालो. तिथलं यंत्र तांबड्या अक्षरांत तोच आकडा दाखवत होतं जो सकाळपासून चार नंबरच्या नावावर चढत होता. आत पंखा बंद होता. पूजेनंतर सगळ्या मोटारी सुरू केल्या तेव्हा या खोलीचं स्विच खाली पडलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी ते वर केलं. पंखा फिरायला लागल्याचा आवाज ऐकला आणि मग साहेबांना सांगायला गेलो.

झालं होतं ते साधं होतं. आठही यंत्रं दिसायला सारखी. इतकी वर्षं दसऱ्याला ती काढली, पुसली, पुजली आणि हाताला येईल ती हाताला येईल त्या कप्प्यात घातली. कधी काही बिघडलं नाही, कारण खोली किती गार ठेवायची ते सगळ्या यंत्रांत सारखंच लावलेलं होतं, आणि मामा दारापुढं उभे राहून बघत, त्यामुळं दोन नंबरच्या दारावरचा आकडा दोन नंबरचाच असे. आता मात्र प्रत्येक यंत्राच्या पोटात एक नंबर होता, आणि तो नंबर घेऊन ते दुसऱ्याच दारावर जाऊन बसलं होतं. त्याला चार नंबर म्हणून विचारलं, त्यानं आपल्या समोरच्या खोलीचं खरं सांगितलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मामांनी ऐकलं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "देवाला फुलं वाहिली आन देवच अदलाबदल झाले म्हणा की." साहेबांनी दोन नंबरच्या पोत्यांतलं बियाणं उगवण तपासायला पाठवलं. काही दिवसांनी अहवाल आला, बियाण्याला काही झालं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र आम्हाला ते माहीत नव्हतं. मी पांढरा रंग घेऊन प्रत्येक यंत्रावर आणि प्रत्येक कप्प्यावर नंबर लिहीत होतो. साहेब मागून आले आणि म्हणाले, गेटवे राहू द्या. तुम्हीही राहा.

मी हात न धुताच क्वार्टरवर गेलो. तात्या बाजेवर बसले होते. घोंगडीची घडी घातलेली, काठी भिंतीला टेकवलेली. मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

"म्हंजे तुजं काम झालं?"

"झालं, तात्या. आता क्वार्टर आपलंच."

"बरं झालं. मंग मी सकाळी निघतो."

मला वाटलं, दिवसभर मी त्यांच्याकडं फिरकलो नाही म्हणून रुसले असतील. मी समजूत घालायला लागलो. ते म्हणाले, तसं बिलकुल न्हाई. मग मी डोळ्यांचं काढलं. म्हणालो, तिकडं काही दिसत नाही तुम्हाला, कुठं पडलात तर?

"तिकडं कमी दिसलं तरी मला ठाव असतं काय कुठं हाय. मेंढरू बिचकलं तर आवाजावरून कळतं. इथं दोन दिस बसून राह्यलो. फाटकावरचा माणूस बोलला, तुजा मामा बोलला. बाकी कोणी न्हाई. मघा तुज्या खोलीत आल्तो मी. तू तिकडं रंगानं नंबर लिवत व्हतास. त्या पडद्यासमोर बसलो. आकडे येतेत आन जातेत. तू रोज असाच बसतो का रं, एकला?"

मी म्हणालो, हो. मग ज्यासाठी मी त्यांना आणलं होतं ते माझ्या तोंडून बाहेर पडलं. म्हणालो, म्हणून तर तुम्ही राहा.

तात्यांनी माझा रंगानं माखलेला हात हातात घेतला. म्हणाले,

"तुला शाळंत घातलं तवा माजाबी जीव तुटत व्हता. रातीला तळावर एकलाच असायचो. पण तुला माघारी वढलं न्हाई. आता तू मला वढू नको."

सकाळी मामांनी त्यांना नाक्यापर्यंत सोबत केली, मी जीपमध्ये बसवलं. जीप भरायला वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही तिघं उभे होतो आणि मामा त्यांना सुनेच्या गोष्टी सांगत होते. तात्या हसत होते. इतके हसताना मी त्यांना फार वर्षांनी बघितलं.

क्वार्टरमध्ये मी पुढं सहा वर्षं राहिलो. दुसरी बाज तशीच राहू दिली. मामा आता एक दिवसाआड चहाला येत, मीच तसं सांगितलं होतं. बाकी वेळ मी आणि ते आठ चौकोन.

थंडी सुरू झाल्यावर मी तात्यांना पत्र लिहिलं. त्यांना वाचता येत नसे. कळप ज्या गावांवरून जाई तिथल्या एका किराणा दुकानदाराच्या पत्त्यावर मी पत्रं पाठवी, आणि ते दुकानदार ओट्यावर बसलेल्या सगळ्यांसमोर ती मोठ्यानं वाचून दाखवीत. त्यामुळं पत्रात मनातलं फार लिहिता येत नसे. मी लिहिलेलं पत्र असं होतं.

"तात्या, पाया पडतो.

मी बरा आहे. खाणंपिणं वेळेवर आहे. खोल्या नीट चालल्या आहेत. यंत्रांवर नंबर घातल्यापासून घोटाळा झालेला नाही. मामा तुमची आठवण काढतात. त्यांची सून आता मीठ बरोबर टाकते, हे तुम्हाला मुद्दाम कळवायला सांगितलं आहे.

डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, आधी एक डोळा करू, तो बरा झाला की दुसरा. एका डोळ्याला थोडाच वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं. नंतर थोडे दिवस धूळ आणि ऊन टाळायचं, तेवढेच दिवस माझ्याकडं राहावं लागेल. डॉक्टरांनी हिंडायला हरकत नाही म्हटलं, की त्याच दिवशी मी स्वतः तुम्हाला तळावर आणून सोडीन. एक दिवसही जास्त राहा म्हणणार नाही. तुम्ही सांगितलेलं मला समजलं आहे.

रविवारी मला सुटी असते. कळप जाफराबादच्या बाजूला असेपर्यंत रविवारी मी तिकडं येत जाईन. सकाळच्या बसनं येईन आणि संध्याकाळी परतेन. मी आलो म्हणून स्वयंपाकाचं काही वाढवू नका.

जोडीदाराला नमस्कार सांगा. दुकानदार काकांना माझी विनंती आहे, की पत्र वाचून झालं की तात्यांना ऑपरेशनचं विचारावं आणि ते हो म्हणतात की नाही, एवढंच एका कार्डावर लिहून टाकावं. वरचा पत्ता कारखान्याचा आहे. मी वाट बघतो."